गाडी किती दबते

"हेल्मेटसुद्धा घाल," बाबा म्हणाले. "बर्फावर जाताना अंगावर असतं ते सगळं."

"माझं डोकं एवढं वजनदार आहे?" आईनं विचारलं.

"डोकं नाही गं. हेल्मेट."

मी माझ्या लेकाला, आर्वोला, कडेवर घेऊन हसले. गॅरेजमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. आईचे खांदे दुखतात म्हणून तिच्या स्नोमोबाईलला मी पुढचे नवे शॉकअप मागवले होते. बाबांनी सकाळपासून खपून जुने काढले, नवे बसवले, बोल्ट आवळले. आता फक्त स्प्रिंगा तिच्या वजनाला जुळवायच्या होत्या.

कीविनॉच्या सरोवरकिनाऱ्यावरच्या आमच्या गावात बाबांनी सगळ्यांच्या गाड्या जुळवल्या, पण वजन कधी कुणाला विचारलं नाही. माणसाला गाडीवर बसवायचं, पुढचा भाग किती दबतो ते टेपनं बघायचं आणि स्प्रिंगवरची चकती फिरवायची. कुणाला दिवस गेलेत, कोण आतून खंगतंय, ते त्यांना घरच्यांच्या आधी कळे. कळे, आणि त्यांच्यापाशीच राही.

आईचं आजारपण मात्र त्यांच्याच घरातलं. बर्फ पडायच्या आधी ते एकदाच बोलले होते, "लेम्पी, वजन आणखी उतरलं तर यंदा एकटीनं बर्फावर जायचं नाही." गोठलेल्या सरोवरावरची ती मासे धरायची खोपी, गळ, थर्मास आणि 'कसं वाटतंय?' असं कुणी न विचारणारी दुपार. आईचं असं तेवढंच उरलं होतं.

ती बसली. बर्फात घालायचा जाड सूट अंगावर लोंबत होता. बाबांनी टेप लावला, पुन्हा लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, गेल्या वर्षीइतकीच आहेस की!"

"मग? तुझी लेक रोज वेलदोड्याचा निसू पाव चारते. वर लोण्याचा थर."

बाबांनी चकत्या आवळल्या, आर्वोच्या गालाला ग्रीसचं बोट लावलं. "आजी ठणठणीत आहे बरं का!" मग आम्ही कॉफी आणायला घरात गेलो. परत आलो तेव्हा आई एक फेरी मारायला निघून गेली होती.

खिडकीतून बघायला वाकताना बाबांनी भिंतीला हात टेकला. तिथं उन्हाळ्यात खोल पाण्यात गळ उतरवायचे शिशाचे दोन गोळे टांगलेले असतात, मोसंब्याएवढे, पण उचलायला जड. त्यांचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?"

"हात लाव."

गॅरेजमधला पानासुद्धा बोटांना चिकटेल इतका गार होता. गोळे कोमट होते, अंगाशी धरलेल्या दुधाच्या बाटलीसारखे.

कॉफी तशीच राहिली.

आई परतली. "फर्स्ट क्लास!" म्हणाली. हातमोजे काढून ती खांदा चोळू लागली. अंगात नसलेल्या वजनाला जुळवलेल्या ताठ स्प्रिंगांवर हँडल जड झालं होतं. मला वाटलं, आता बाबा किल्ली काढून घेणार.

त्यांनी पाना उचलला. "उतरू नकोस. नव्या स्प्रिंगा थंडीत ताठरल्यात. सैल करतो."

"टेप लावणार?" आईची नजर भिंतीकडे गेली.

"कशाला? इतकी वर्षं बघतोय तुला."

त्यांनी चकती फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"झालं?"

"थांब." आणखी फिरवली. जेवढं सैल करावं लागत होतं, तेवढं त्यांना करवत नव्हतं. "आता वळव."

आईनं हँडल फिरवलं. अलगद फिरलं.

"मग जाऊ? ट्राउट खोळंबलेत."

बाबांनी तिच्या हनुवटीखालचा पट्टा लावून दिला. "रिकाम्या हातानं आलीस तर दार उघडणार नाही."

"सौनाच्या न्हाणीत झोपेन, म्हाताऱ्या."

ती खोपीकडे लहान होत गेली. बाबा खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही गोळे काढले आणि खालच्या खुंट्यांना टांगले, पुढच्या वेळी खांद्यांच्या वर हात न नेता आईला सहज घेता येतील असे.