केसपेपरची रांग

"साप चावलाय आमच्या मालकांना. जाऊ का पुढं?"

कुशाबाईने रांगेतल्या शेवटच्या माणसाला विचारलं. तो बाजूला झाला. मग तिने त्याच्या पुढच्याला विचारलं, मग त्याच्याही पुढच्या बाईला.

बारामतीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर अकरा माणसं होती आणि कुशाबाई एकेकाची परवानगी काढत चालली होती. एरवी रेशनच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई ती. आज कुठल्या तोंडाने घुसणार? आणि केसपेपर निघाल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, हे तर तिच्या सगळ्या गावाला, कोऱ्हाळ्याला पाठ होतं.

मागे बाकड्यावर तिचे यजमान कुंडलिकराव उसातल्या चिखलाने माखलेला पाय लांब करून बसले होते. त्यांच्या पापण्या जड होत चालल्या होत्या. कुशाबाईला भयंकर भीती वाटत होती. दर वेळी 'जा की मावशी' ऐकू येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागत होता.

सगळे हो म्हणाले. खिडकीपाशी एक म्हातारा तेवढा उरला. उजवा हात उपरण्यात गुंडाळून तो उभा होता. तिने दोनदा विचारलं, तरी हूं नाही की चूं नाही. मग मात्र तिचा तोल सुटला. माणुसकी आहे की विकून खाल्ली, असं तिने त्याला सगळ्यांदेखत विचारलं.

म्हाताऱ्याने सावकाश उपरणं सोडलं. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. मनगटावर दोन बारीक भोकं होती.

"मलाबी तेच झालंय," तो म्हणाला. "सकाळी गवत कापताना."

"आवं तात्या, मग बोलला का न्हाय?"

"सगळीच आजारी हायती. कुणाला म्हणू, बाजूला सर म्हणून?"

 तिने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा बाकड्याकडे. मग खिडकीचे गज धरून ती आत ओरडली, "साहेब, साप चावलेली दोघं हायती."

कारकून ताडकन उठला. साप चावलेल्याला कसली रांग, थेट आत न्यायचं असतं, असं म्हणत तो बाहेर धावला. दोन स्ट्रेचर आली. कुशाबाईने हाक मारली, पण कुंडलिकरावांनी डोळे उघडले नाहीत.

म्हाताऱ्याला आडवं केलं, तेव्हा त्याने चांगल्या हाताने मागच्या माणसाची बाही धरली.

"पाव्हणं, माझा नंबर धरा. आलोच मी."

त्या माणसाने मान डोलावली. दोघांनाही आत नेलं आणि दार लागलं. कुशाबाई भिंतीला टेकून त्या दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळाने कारकून खिडकीत परत आला आणि पुढचा कोण, असं विचारू लागला. कुणीच पुढे सरकलं नाही.