धर्माद्याची मूठ

अंगणवाडीला स्वयंपाकघर बांधून द्यायला खोपोलीचा एक कारखाना तयार झाला, पण एक अट होती. "गावाचा सहभाग दिसला पाहिजे," असं कारखान्याची अधिकारी नम्रता मागच्या खेपेला पोशीरच्या लोकांना सांगून गेली. तिच्या मनात श्रमदान होतं. सरपंच जगदीशनं काम आपल्या आत्येवर, आनंदीबाईंवर सोपवलं. आणि आनंदीबाईंना सहभाग एकाच तऱ्हेचा ठाऊक होता.

नम्रता पाहणीला आली, तर अंगणवाडीच्या ओट्यावर पितळी परात आणि बायका मूठ मूठ तांदूळ तिच्यात टाकतायत. जगदीशनं आत्येला बाजूला घेतलं.

"आत्ये, हे काय मांडलंस? मॅडमला वाटंल, गाव भीक मागतंय."

"भीक मागनारा हात पसरतो रं. हितं उलटं हाय."

बोलल्या खऱ्या, पण त्यांनाही शंका आली. आपल्या हौसेपायी पोरांचं स्वयंपाकघर गेलं तर? त्या नम्रताकडे वळल्या.

"बाय, नेरळला एका शेटची भातगिरणी होती. भात भरडलं की पोत्यामागं एक मूठ धर्माद्याची निघायची. शेट त्यात आपली भर घालायचा, आन् शाळंत पेज शिजायची. आमची चूल सकाळी पेटत नव्हती. पेजंपायी शाळंत गेले, म्हनून वाचायला शिकले. शेटच्या पाया पडलं की म्हनायचा, तांदूळ तुमचेच हायत."

"आता कायदाच आहे, आजी. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायचे."

"आमच्यात टक्का नव्हता. ज्याची जशी मूठ."

"मग हमालांनी मूठ काढली की पोतं निम्मं," जगदीश पुटपुटला. "त्यांच्या मुठीत पायली मावंल."

"म्हनून तर हमालाला हात घालू देत नव्हते. ज्याचं पोतं, त्याचीच मूठ."

नम्रता हसली. मग परातीकडे बघत म्हणाली, "याहून वेगळा सहभाग मी काय मागणार? यात माझी मूठ चालेल?"

"चालंल की. पर घरचे तांदूळ आन."

दिवाळीनंतर स्वयंपाकघर उभं राहिलं. पहिल्या खिचडीला नम्रता आली, ती रुमालात तांदूळ बांधून. एक मूठ परातीत पडली. दुसरी भरायला लागली, तेव्हा आनंदीबाईंनी तिचा हात हलकेच धरला.

"एकच, बाय. मागं बाया उभ्या हायत."