बाळं तोलणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीचा नाही हं मित्रांनो, बाळांचा! उथळ टोपलीसारखं माझं पारडं, खाली गोल तबकडी आणि तिच्यावर लाल काटा. कारखान्यातल्या मिस्त्रींनी तीनतीनदा वजनं ठेवून मला पारखलं आणि म्हणाले, "हा खोटं बोलायचा नाही." ती शाबासकी घेऊन मी दवाखान्यात आलो.

तिथे माझा थाट काय सांगू! पारड्यात मऊ दुपटं, त्यावर बाळ आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. काटा पुढे सरकला की आज्या माझ्यावरूनही हात फिरवायच्या. नाही सरकला की, "मेला काटाच बिघडलाय!" म्हणून माझाच उद्धार. हळूहळू मला वाटू लागलं, मी दाखवीन तेवढीच बाळाची किंमत. आणि अचूक दाखवीन तोवरच माझी.

मग एक आई आली. शाळेपासून कायम पहिला नंबर काढणारी. तिचा मुलगा वेळेआधीच जन्मला होता, जेमतेम ओंजळीएवढा. रोज सकाळी ती त्याला माझ्याकडे आणायची आणि श्वास रोखून बघत राहायची. पाच दिवस काटा जागचा हलला नाही. सहाव्या दिवशी तर वीस ग्रॅम मागेच गेला.

नेमकी तेव्हाच तिची आत्या भेटायला आली. "तुझ्या जावेचं बघ कसं गुटगुटीत! तू नीट खातेस ना गं?"

आत्या गेल्यावर ती बिचारी बाळाला पाळण्यात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. ते भुकेनं रडू लागलं, तरी उचलेना. मोठ्या सिस्टर धावत आल्या.

"अगं, घे ना त्याला!"

"तुम्हीच घ्या. माझ्याकडून काही धड होत नाही. देवाला रोज विनवते, पण नापास आईचं तो कशाला ऐकेल?"

सिस्टरांनी बाळ तिच्या कुशीत दिलं. ते चुटकीसरशी शांत झालं.

"मला सांग, या पठ्ठ्यानं आजवर काय पराक्रम केलाय?"

"हा काय करणार? झोपतो, रडतो, दुपटी ओली करतो."

"वजनही वाढवत नाही. मग देऊन टाकूया कुणाला?"

"काहीतरीच काय, सिस्टर!" तिनं बाळाला घट्ट धरलं. "माझा आहे तो!"

"देवही तुझ्याबद्दल हेच म्हणतो बघ."

ती आधी हसली, मग पोटभर रडली. रडता रडताच बाळाला पाजलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला पारड्यात ठेवलं, त्याच्याशी गप्पा मारल्या, उचललं आणि निघालीसुद्धा! शेवटी सिस्टरच ओरडल्या, "अगं, आकडा तरी ऐकून जा! दहा ग्रॅम वाढलाय!"

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. माझ्या जागी नवा काटा आला आहे. तरी मोठ्या सिस्टर रोज माझ्यावरची धूळ पुसतात. "कामाचा नसला तरी आमचा आहे," म्हणतात. पूर्वी मला हे कळलं नसतं.

तुमच्या घरी कुणी हरून आलं, तर आकडा मागाहून विचारा. आधी त्याला जवळ घ्या. आणि हरून आलेले तुम्हीच असाल, तर तसेच, रिकाम्या हातांनी देवाकडे जा. तो तुम्हाला उचलून घ्यायला केव्हाचा वाकला आहे.