परतलेल्या बाटल्या

बाबांचा काढा भुईआवळ्याचा. कावीळ झालेल्याला ते बाटली फुकट देत. अट एकच: बरं वाटलं की बाटली धुऊन परत आणायची. बाहेरच्या खोलीतली लांबलचक फळी अशा बाटल्यांनी गच्च भरली होती. बाबांना दुसरा पुरावा कधी लागलाच नाही.

त्यांची मुलगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. कोपऱ्यावरचा वेल्डर आला, तेव्हा ती चपला घालून कामाला निघालीच होती. त्याचे डोळे पिवळेजर्द, पाय सुजलेले, पोट टम्म फुगलेलं. बाबांचा हात काढ्याच्या कपाटाकडे गेला, तशी ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो.”

“नाही होणार. याला आधी दाखल करायला हवं.”

“अगं, तुझ्या जन्माआधीपासून देतोय मी. ती फळी बघ!”

“फळी बघतच मोठी झालेय, बाबा. साधी कावीळ बऱ्याचदा आपली आपण उतरते, नाव तुमच्या काढ्याचं होतं. उंदरांवर थोडाफार गुण दिसलाय म्हणे, पण माणसांवरचा पुरावा कच्चाच आहे. आणि न परतलेल्या बाटल्या कुठायत?”

“लोक विसरतात.”

“विसरतात, की मरतात?”

बाबांचा चेहरा उतरला. ती मात्र जागची हलली नाही.

“चार बुकं काय शिकलीस, बापाला अक्कल शिकवतेस!”

वेल्डर खाकरला. “भांडू नका हो.” त्याने पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. “काका, ही गेल्या महिन्यातली. थेंब न् थेंब प्यायलो. गुण आला नाही. मग परत कोणत्या तोंडाने आणणार? तुमची फळी बाटवल्यासारखं वाटलं असतं.”

बाटली लख्ख धुतलेली होती. बाबा ती हातात फिरवत राहिले. मग फळीवरच्या बाटल्या कोपराने एकीकडे रेटून त्यांनी जागा केली आणि ती तिथे एकटीच ठेवली.

“गाडी बोलाव,” ते मुलीवर खेकसले. “मीही येतोय. काढ्यात काय काय घातलंय ते डॉक्टरला मीच सांगणार. कुणाच्या बापाला भीत नाही मी!”

“मी तर माझ्या बापालाही नाही,” ती म्हणाली आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली तिने पर्समध्ये टाकली.