ग्रेटाचा भोवरा

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. लहानपणी तेल लावताना आई दरवेळी म्हणायची, "हिची दोन लग्नं होणार बघा." झालं एकच, शिरीषशी, आणि त्याच्या मागोमाग मी पुण्याहून नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आले. पण भोवऱ्यावरचे केस कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

सहकारनगरला अकरा वर्षं माझं पार्लर होतं. शिरीषला इथे सॉफ्टवेअरचं काम मिळालं, तेव्हा मी ते बंद केलं आणि माझ्या कात्र्या नि कंगवे तेवढे बरोबर आणले. इथे मला काम करायची परवानगी होती, फक्त काम नव्हतं. तीन सलूनांत जाऊन आले. तिन्हीकडे गोड हसून तेच ऐकवलं: डच येत नाही, इथला डिप्लोमा नाही, म्हणजे तू 'काप्स्टर' नाहीस. काप्स्टर म्हणजे केस कापणारी बाई. एकीने मोठ्या मनाने जमिनीवरचे केस झाडायचं काम देऊ केलं. मी तिला मराठीत जे सुनावलं ते तिला कळलं नाही, हे तिचं नशीब.

२००६ चा उन्हाळा होता. शिरीषचं काँट्रॅक्ट आणखी तीन वर्षांसाठी वाढणार होतं आणि सही करायची मुदत गणपतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "तोपर्यंत माझ्या हाताला काम मिळालं नाही, तर मी पुण्याला परत जाणार. तू खुशाल सही कर."

तो उठून चहा ठेवायला गेला.

अशात जुलैमध्ये एक दिवस सायकलवरून जाताना कालव्यापलीकडच्या गोठ्यात एक उंच, पिकल्या केसांची बाई दिसली. ती एका गायीला ब्लोअरने वाळवत होती. मी थांबले आणि मोठ्याने हसले.

"हसतेस काय?" ती इंग्रजीत म्हणाली. "येत असेल तर ये आणि कर."

ती विलेमाइन. आणि ती कालवड ग्रेटा सत्तावीस. अंग काळं, तोंड पांढरं, नजर आगाऊ. विलेमाइनकडे आजीपासून नातीपर्यंत गायींचं नाव तेच चालतं, फक्त आकडा वाढतो. ऑगस्टअखेर या ग्रेटाला प्रदर्शनात उतरायचं होतं. प्रदर्शनात गायीची पाठ फूटपट्टीसारखी सरळ दिसावी लागते. त्यासाठी अंगावरचे केस बारीक करतात, पण पाठीच्या कण्यावरचे वाढवतात, उभे राहायला शिकवतात आणि मग एका रेषेत कापतात. ग्रेटाची पाठ खांद्यामागे जराशी खोल होती, आणि नेमका तिथेच तिला भोवरा होता. केस उभे राहायचे आणि गोल फिरून आडवे व्हायचे. दरवर्षी हे काम करणारा माणूस मनगट मोडून घरी बसला होता.

मी भोवऱ्याला बोट लावलं आणि म्हटलं, "तू याच्याशी भांडतेयस. एकाच बाजूने ब्रश मारून हा ऐकणार नाही. मुळापासून वाळवायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्याला कुठे पडायचं तेच कळत नाही."

विलेमाइनने ब्लोअर माझ्या हातात दिला. पाच मिनिटांत केस उभे राहिले. फार नाही, पाव तासभर, पण राहिले.

"प्रदर्शनाच्या दिवशी दीड वाजता रिंगणात हे असे उभे राहिले," ती म्हणाली, "तर आमच्या गायवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना तुझं नाव सांगते. हिवाळ्यापर्यंत चार प्रदर्शनं आहेत आणि माणूस नाही."

मग सहा आठवडे मी रोज सकाळी गोठ्यात जात होते. आधी गार पाण्याने पाठ भिजवायची, कारण गारठ्याने केस दाट येतात असं तिथे मानतात. मग गवताच्या मुळांच्या राठ काड्यांचा ब्रश खालून वर, त्यानंतर रुंद दातांचा लोखंडी कंगवा, शेवटी ब्लोअर. भोवऱ्यासाठी माझा पार्लरमधला टोकदार दांड्याचा कंगवा होता. त्याने मी ग्रेटाचे बारीक बारीक भांग पाडायची आणि एकेक बट वाळवायची. ती शांतपणे रवंथ करत उभी राहायची. पुण्यातल्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांपेक्षा तिला जास्त समज होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी माती खाल्ली.

रोजच्या ब्लोअरने केस कोरडे पडले होते, टोकं तुटत होती, कोंडाही दिसत होता. मी शेकडो नवऱ्या सजवल्यात. नवरीला आदल्या दिवशी तेल, सकाळी न्हाणं, मग केस वाळवून बांधणी. हे इतकं अंगवळणी पडलेलं की विलेमाइनला विचारायचंही सुचलं नाही. ती बाजारात गेली होती. मी घरून खोबरेल आणलं, कोमट केलं आणि ग्रेटाच्या पाठीवर छान चोळलं. ग्रेटाने सुखाने डोळे मिटले. मला माझंच कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी सहाला गोठ्यात गेले तेव्हा बाहेर पाऊस होता आणि गारठा पुण्याच्या डिसेंबरातला. मी पाइप सोडला. गार पाणी लागताच तेल थिजलं. पाठीवरचे केस मेणाच्या वातींसारखे चिकटून बसले. अर्धी बाटली शांपू ओतला, तरी वाती हलेनात. माझी पाचावर धारण बसली.

मागून विलेमाइन आली. "हे काय आहे?"

"तेल," मी म्हटलं. "मी काल तेल लावलं."

"केसांना? तेल? कशासाठी?"

काय सांगणार होते? आमच्याकडे लावतात, एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उलट्या बादलीवर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. सहा आठवडे तिने माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना. स्वतःचा असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी पुन्हा ग्रेटाच्या पाठीला हात लावला. अंगठ्याला तो चिकटपणा लागला आणि एकदम दिवाळीची पहाट आठवली. आई आधी तेल चोळायची, पण ते काढायला साबण नव्हता तिच्याकडे. मी शिरीषला फोन लावला.

"बेसन घेऊन ये."

"किती?"

"सगळं."

"अगं, ते उद्याच्या नैवेद्याच्या लाडवांचं आहे."

"सगळं म्हटलं ना, शिरीष!"

दहा मिनिटांत तो सायकलवर भिजत आला, जॅकेटच्या आत दोन किलोंची पिशवी. शिरीष गायींना घाबरतो. मी त्याच्या हातात ग्रेटाचा दोर दिला आणि बेसन पाठीवर ओतलं. कोरडंच चोळलं, तेल पिऊ दिलं, राठ ब्रशने झाडलं, पुन्हा चोळलं. विलेमाइन काही न विचारता उठली आणि स्वयंपाकघरातून गरम पाण्याच्या बादल्या आणू लागली.

"मृदुला, ही मला चाटतेय," शिरीष डोळे मिटून म्हणाला.

"बाहीला बेसन लागलंय. चाटू दे."

"ओके. पण तू हिचं काम नीट कर हं. मी सोडत नाही हिला."

दोन न्हाणी झाली. तिसऱ्या पाण्याला केस बोटांत करकरले. मग ब्लोअर, ब्रश, कंगवा. भोवरा शेवटी घेतला, मुळापासून, डावीकडे, उजवीकडे. बेसनाने केस भरदार झाले होते. भोवरा उभा राहिला आणि मी हात काढला तरी उभाच राहिला. विलेमाइनने आपलं केस कापायचं मशीन उचललं, क्षणभर थांबली आणि माझ्यापुढे धरलं.

"रेघ तू मार."

मी मारली. खांद्यापासून शेपटीपर्यंत, एका दमात.

दुपारी दीडला प्रदर्शनाच्या रिंगणात सात कालवडी होत्या. ग्रेटा तिसरी आली. परीक्षक माइकवर बरंच काही बोलला. विलेमाइनने कानात सांगितलं, "म्हणतोय, अंग अजून भरायला हवं. पण पाठ सगळ्यांत सरळ हिचीच."

गायी बाहेर आल्यावर टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी ग्रेटापाशी आला. त्याने भोवऱ्याच्या जागेवरून तळहात फिरवला. तिथे भोवरा आहे हे त्याच्या हाताला कळलं, डोळ्यांना कळलं नव्हतं. त्याने डचमध्ये विचारलं की हे कोणी केलं. मी शिरीषच्या मागे सरकले. माझ्या नखांत बेसन होतं आणि अंगाला शेणाचा वास येत होता.

विलेमाइनने मला कोपराला धरून पुढे ओढलं.

"हीच ती," ती म्हणाली. "माझी काप्स्टर."

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि माझ्याशी हात मिळवला. त्याच्याकडे पुढच्या प्रदर्शनासाठी चार गायी होत्या. मंगळवारी सकाळी येशील का, असं त्याने विलेमाइनकरवी विचारलं. मी लगेच मान डोलावली.

तो गेल्यावर मी शिरीषला म्हटलं, "सोमवारी सही कर."

"करतो," तो म्हणाला. त्याच्या बाहीवर गायीची लाळ वाळली होती. "पण उद्या बाप्पाला काय दाखवायचं? बेसन संपलं."

"रव्याचे लाडू."

"कर मग."

"तू कर. मला मंगळवारसाठी कात्र्यांना धार लावायची आहे."

तो हसायला लागला, आणि मला मात्र रडू फुटलं. मी ग्रेटाच्या मानेत तोंड घातलं. तिच्या अंगाला अजून खोबरेलाचा आणि बेसनाचा वास येत होता.