एकतिसावं पान

वरवंटा दोन दिवस सापडेना, तेव्हा मी पहिला संशय शेजारणीवर घेतला. त्यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. आमच्या दोघींमधल्या भिंतीइतकंच आमचं भांडण जुनं आहे, आणि त्या सकाळी तिच्या घरातून वाटण्याचा आवाज येत होता.

"हल्ली दगडालासुद्धा पाय फुटतात हो," मी भिंतीवरून ऐकवलं.

"ज्याच्या घरचे दगड पळतात, त्यानं आधी घरातली माणसं मोजावीत," ती म्हणाली.

मी पदर खोचून पुढचं बोलणार, तेवढ्यात सून चुलीपुढून पुटपुटली, "आई, ठकीनं नेलाय. शाळेत."

"शाळेत? गुरुजी वाटण घालायला लागले की काय?"

पलीकडे शेजारीण हसली. ते हसू मला आठवडाभर पुरलं.

ठकी माझी नात. नऊ वर्षांची, चौथीत. संध्याकाळी ती वरवंटा कडेवर घेऊन आली, तान्हं भावंड घ्यावं तसा. वारा सुटला होता, नांगरलेल्या रानाची माती डोळ्यांत जात होती, आणि ही पोर घामाघूम, पण खूश.

"आजी, माझाच सगळ्यात जड होता! गुरुजींनी सगळ्यांना दगड आणायला सांगितले होते. पुस्तक उघडायचं, एकतिसावं पान काढायचं आणि मधोमध दगड ठेवायचा. आता बघ." तिनं पुस्तक जमिनीवर उभं धरलं आणि सोडलं. पुस्तक आपसूक उघडलं. एकतिसावं पान. पुन्हा सोडलं. पुन्हा एकतिसावं.

"बरं, मग वाच तेच," मी म्हणाले.

तिनं वाचलं. एका गावात एक विहीर होती, तिचं पाणी गोड होतं, सगळे त्या विहिरीवर येत. नळाला धार लागावी तशी पोर वाचत सुटली. कुठे थांबणं नाही, की अडखळणं नाही. सुनेनं चुलीपुढून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बघा माझी लेक, असं. मलाही आतून फुगल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू?

मी स्वतः दुसरीपर्यंत शिकले. पुढे थोरल्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि माझी पाटी माळ्यावर गेली. पण शिकले तेवढं विसरले नाही. अक्षरावर बोट ठेवून मी आजही वाचते, आणि वाचताना अडखळते. म्हणून त्या रात्री जेवणं झाल्यावर मला चैन पडेना. जी बाई पन्नास वर्षं वाचतेय ती अडखळते, आणि ही का अडखळत नाही?

सकाळी ठकी वेणी घालायला पुढ्यात बसली, तेव्हा मी पुस्तक घेतलं आणि एक पान उलटलं. तिथं शेळीचं चित्र होतं.

"हे वाच."

ठकीनं पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ते अजून घेतलं नाही आजी."

"घेतलं नाही म्हणजे काय? अक्षरं तीच आहेत ना?"

तिला मी काय म्हणते तेच कळलं नाही. तिला वाटत होतं, प्रत्येक पान वेगळं शिकायचं असतं, गाण्यासारखं. वेणी माझ्या हातात अर्धीच राहिली.

तशीच उठले आणि शाळा गाठली. आमची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मोडकी बाकं भरलीत, दुसरीत चार इयत्ता. चार भिंतींकडे तोंड करून चार वर्ग बसतात आणि गुरुजी मधे फिरतात, खळ्यातल्या बैलासारखे. मी गेले तेव्हा मुलं यायची होती. गुरुजी एकटेच तक्ते भरत बसले होते.

"गुरुजी, माझ्या नातीला वाचता येत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बसा काकू."

"बसायला आले नाही मी."

"एक्केचाळीस मुलं आहेत. त्यातल्या सहा जणांना येतं. ठकी त्यात नाही."

माणूस सरळच बोलला. वाटेत मी ज्या शिव्या रचून आणल्या होत्या, त्या पोटातच राहिल्या.

"मग तुम्ही करता काय दिवसभर?"

"हे." त्यांनी तक्ते दाखवले. "दुसऱ्या मास्तरांची जागा दोन वर्षं रिकामी आहे. वर माणूस मागितला की खाली तक्ता येतो. तो भरायला उशीर झाला की दुसरा येतो, पहिल्याला उशीर का झाला त्याचा." ते हसले नाहीत. त्यांचे डोळे जागरणाने लाल होते. "तपासणीवाले पुस्तक हातात घेतात, ते उघडेल तिथं बोट ठेवतात आणि म्हणतात, वाच. तीन वर्षं मी हेच बघतोय."

"म्हणून दगड. ही कुणाची अक्कल?"

"समितीची."

"कुठल्या समितीची?"

गुरुजींनी कपाटातून ठरावाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. खाली माझी सही होती.

आता हे सांगायला हवं. तीन वस्त्यांच्या तीन शाळा आणि मिळून एक समिती. समितीची अध्यक्ष बाई हवी असा नियम आला, तेव्हा माझे धाकटे दीर, ते समितीचे चिटणीस, मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसतं बसायचं." त्यांना वाटलं, म्हातारी अंगठा देईल आणि घरी जाईल. पण मी अंगठा देत नाही. ठराव बैठकीआधीच लिहून आणलेले असतात, ते मी बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचते. तोवर सगळे ताटकळतात. समितीतल्या गिरणीवाल्याची एक झोप होते. मग मी सही करते, आणि घरी येताना माझी मान ताठ असते.

त्या वहीत लिहिलं होतं, "वाचनाच्या सरावासाठी प्रत्येक शाळेने एक पाठ निवडून तो सर्व मुलांकडून पक्का करून घ्यावा." हे मी वाचलं होतं. एकही अक्षर सोडलं नव्हतं. पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता. मी आणि ठकी, दोघी सारख्याच.

भाऊजी रानात ढेकळं फोडत होते. पाऊस लांबला होता, उन्हानं जमीन अशी आवळली होती की कुदळ मारली की खण्ण आवाज यायचा. मी बांधावर उभी राहिले.

"भाऊजी, तो दगडाचा ठराव मागं घ्या."

"का? झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी."

"मूठ उघडली तर आत माझी नात निघाली."

त्यांनी कुदळ टेकवली. "निम्म्याच्या वर मुलांना वाचता आलं नाही, तर शाळा बंद करतात. मग ही पिल्लं टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. दोन तासांची चाल. पहिलीतली पोरं चालतील? मुली तर घरीच बसतील, तुम्ही बसलात तशा."

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं, पण लागलं. कारण खरं होतं.

"चौथीनंतर ठकीला टेकडी चढायचीच आहे," मी म्हणाले. "तिथलं पुस्तक वेगळं असेल. त्याच्यावर कुणाचा वरवंटा ठेवू?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं तेव्हा म्हणत म्हणत मी म्हातारी झाले."

त्यांनी कुदळ उचलली. बोलणं संपलं.

तपासणीच्या दिवशी शाळा शेणानं सारवली होती आणि मुलांचे केस तेलानं चपचपीत होते. तपासणीवाल्या बाई तरुण होत्या. सकाळपासून दोन शाळा करून आल्या होत्या, चपलांवर धूळ, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी पुस्तक घेतलं, ते उघडलं, त्यांनी बोट ठेवलं. पहिला पोरगा धडधडत वाचून गेला. दुसरा गेला. तिसरी ठकी.

ठकी वाचायला लागली आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. कुणी म्हणेल, म्हातारीनं आधीच ठरवलं होतं. नव्हतं ठरवलं. मी गप्प बसणार होते. शाळेसमोर सगळी वस्ती जमली होती, शेजारीणसुद्धा. सगळ्यांच्या देखत स्वतःच्याच नातीचं नाक कोण कापतं?

पण बाईंनी तक्त्यावर लिहिता लिहिता म्हटलं, "उत्तम. अध्यक्षबाई, इथं सही करा." मी सवयीनं बोट ठेवलं. "मी समक्ष पाहिले की मुले वाचतात." यावेळी अर्थ कळला.

"थांबा," मी म्हणाले. ठकीच्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. "आता हे वाच, बाळा."

ठकीनं शेळीच्या चित्राकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शेळीवर बोट ठेवून मोठ्यानं सुरू केलं, "एका गावात एक विहीर होती."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ठकीनं पूर्ण पाठ म्हटला, शेवटच्या ओळीपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एक शब्द चुकला नाही.

बाईंनी पेन थांबवलं. "हे किती मुलांचं असं आहे, गुरुजी?"

"पस्तीस," गुरुजी म्हणाले, आणि खांद्यावरचं ओझं ठेवावं तसे खुर्चीत बसले.

"मला काय लिहावं लागेल, कळतंय ना तुम्हाला?" बाई मला म्हणाल्या.

"लिहा. मी वाचून सही करते."

त्या दिवसापासून दीड महिना ठकी माझ्याशी बोलली नाही. वेणी आईकडून घालून घ्यायची. भाऊजींनी घरी येणं बंद केलं. पाणवठ्यावर बाया मला वाट करून द्यायच्या, मानानं नव्हे, विटाळ होईल म्हणून सरकावं तशा. शेजारीण तेवढी बोलत राहिली. "स्वतःच्या हातानं शाळेला कुलूप लावलंत," ती भिंतीवरून म्हणायची.

मग कागद आला. समितीच्या बैठकीत भाऊजींनी तो माझ्यापुढे सरकवला. मी बोट ठेवलं. यावेळी गिरणीवालाही झोपला नाही. तीन शाळांत आमची शेवटची. बाकी दोन उत्तम, त्यांना दारावर लावायला पाटी. आणि शेवटच्या शाळेला, बंद करण्याआधी, नियमाप्रमाणे वर्षभर वाचन शिकवणारी जादा बाई. वर्षाअखेर पुन्हा तपासणी. तेव्हाही निम्म्यांना वाचता आलं नाही, तर शाळा बंद.

बाकीच्या दोन वस्त्यांचे सभासद एकमेकांकडे बघायला लागले. "आम्हालाही बाई मिळाली पाहिजे," त्यातला एक म्हणाला. "आमच्यात तर पाचच जणांना येतं."

"उत्तम शाळेला बाई कशाला?" मी म्हणाले. "तुम्हाला पाटी आहे ना? पाटी वाचा."

भाऊजींना हसू आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं, पण मी पाहिलं.

जादा बाई खटारा फटफटीवरून येते, तीन दिवस येते, एक दिवस फटफटी बंद पडते. गुरुजींचे तक्ते संपत नाहीत. सात महिने झाले. एक्केचाळिसांपैकी आता चौदा जणांना वाचता येतं. एकवीस हवेत. होतील की नाही, मला माहीत नाही. रात्री अंग टेकलं की मी तोच हिशेब करते आणि झोप लागत नाही.

काल संध्याकाळी मी पाट्यावर वाटत होते. ठकी शेजारी येऊन बसली, नवीन पुस्तक घेऊन, मधलंच कुठलंतरी पान काढून. मी विचारलं नव्हतं.

"ए... एक शे... शेतकरी," ती म्हणाली. थांबली. ओठ हलवले. "बा... बां... बांधावर..."

ओळ संपेना. चुलीवरचं पाणी उकळून खाली आलं. मला राहवेना, मी म्हणाले, "बसला होता."

"गप ना आजी!" ती ओरडली. "ते 'उभा' आहे. मला वाचू दे."

मी वरवंटा हातात तसाच धरून गप्प बसले.