एक्केचाळिसावं पान

कार्यालयात तिला सगळे टाकीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेनेच ठेवलं होतं. पण बावीस वर्षांत पाण्याच्या अकरा टाक्या तिच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या आणि त्यातली एकही गळली नाही, तेव्हा चेष्टेची धार आपोआप बोथट झाली. आता शिपाईसुद्धा ते नाव आदराने घ्यायचा. टेबलावरच्या पाटीवर मात्र बावीस वर्षं तेच दोन शब्द होते, कनिष्ठ अभियंता. केस पांढरे व्हायला लागले तरी बाई आपली कनिष्ठच.

कारण साधं होतं. बाईकडे पदविका होती आणि उपअभियंता व्हायला पदवी लागायची. तिच्याकडून टेप धरायला शिकलेली तीन पोरं पदवीच्या जोरावर तिचे साहेब होऊन बसली. त्यातला एक अजूनही तिला बघून खुर्चीतून अर्धा उठायचा, मग आपण साहेब आहोत हे आठवून पुन्हा बसायचा. बाईला त्यांचा राग नव्हता, नियमाचाही नव्हता. ज्याला हिशेब येतो त्याने सही करावी, असं तिचं स्वच्छ मत होतं. म्हणून तर बेचाळिसाव्या वर्षी तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मुलीच्या वयाच्या मुलांत पहिल्या बाकावर बसली, गणितात एकदा दणकून आपटली, पुन्हा बसली, आणि चार वर्षांची पदवी सहा वर्षांत का होईना, पदरात पाडून घेतली.

आणि आता पन्नाशीला, पदोन्नतीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर नाव लागलेलं असताना, नावापुढे लाल शाईत शेरा होता : 'पदवी सेवेत असताना घेतली. शिक्षणासाठी पूर्वपरवानगी फाईलमध्ये आढळत नाही.' समिती सोमवारी बसणार होती. तोवर परवानगी दाखवली नाही तर पदवी असून नसल्यासारखी. याआधीची समिती बसली होती नऊ वर्षांपूर्वी. त्याच चालीने पुढची बसेपर्यंत बाई निवृत्त होऊन घरी बसलेली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ती आस्थापना शाखेत गेली. तिथले मोठे कारकून फायलींच्या ढिगाआड असे बसलेले असत की बोलणाऱ्याला आधी त्यांचं टक्कल दिसे आणि मग आवाज ऐकू येई. माणूस वाईट नव्हता.

"बाई, एवढं काय तोंड पाडून उभ्या राहिलात? मागची तारीख टाकून एक अर्ज लिहा. त्या वर्षीच्या आवक वहीत दोन ओळी मोकळ्या आहेत, मी बसवतो. कोणाच्या बापाला कळायचं नाही."

"मला कळेल ना," बाई म्हणाली.

कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला. आठ तास अशी वाक्यं ऐकून न घेण्याचाच त्यांना पगार होता. पण ही बाई कोण ते त्यांना ठाऊक होतं. गोणीवरची तारीख वाचल्याशिवाय तिने कधी सिमेंटची गोणी फोडू दिली नव्हती. चाचणीच्या कागदावर कंत्राटदाराने तारीख मागे सरकवली म्हणून तिने एकदा अख्ख्या खांबाचं काम आठवडाभर थांबवलं होतं.

"मग तुमची मर्जी. पण परवानगी घेतलीच नव्हती म्हणा की."

"घेतली होती. लेखी. मोठ्या साहेबांची सही आहे."

"कुठे आहे ती?"

"ऑर्डर बुकात."

आता ही चूक फक्त साइटवर उन्हातान्हात आयुष्य काढलेला माणूसच करू जाणे. ऑर्डर बुक म्हणजे कामावरची छापील नंबरांच्या पानांची वही. साहेब आले, काही सांगितलं, की ते तिच्यात लिहायचं, खाली सही करायची. तोंडी सांगणं म्हणजे वारा. वहीत उतरलं ते खरं. बाईच्या लेखी त्या वहीपलीकडे सरकार नव्हतंच. तिथे सही झाली म्हणजे झाली, ती नक्कल करून आपल्या फाईलला लावावी लागते, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"साहेब निवृत्त होऊन लेकाकडे गेले, दूर," कारकून म्हणाले. "त्यांनी आज लिहून दिलं तरी ती पूर्वपरवानगी होत नाही. वही शोधा."

ती सही झाली होती नवव्या टाकीवर, आणि त्या टाकीच्या वह्या उपविभागाच्या गोदामात पडल्या होत्या. गोदाम कसलं, जुन्या व्हॉल्व्हची आणि गंजलेल्या झाकणांची धर्मशाळा. बाईने पदर खोचला आणि दोन दिवस तिथे काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या मीटरच्या खोक्याखाली वही सापडली. कव्हर उंदरांनी कुरतडलं होतं, पण पानं शाबूत होती. तिने उभ्याउभ्याच एक्केचाळिसावं पान काढलं आणि मग तिथेच एका उपड्या बादलीवर बसली.

वरचं अर्धं पान तिच्या स्वतःच्या अक्षरात होतं.

आठ वर्षांपूर्वीची ती गोष्ट. टाकीला बाहेरून वळसा घालणारी, माणसाने चालायची गॅलरी त्या दिवशी ओतली होती. अशी गॅलरी एका बाजूनेच धरलेली असते, दुसरी बाजू अधांतरी, म्हणून तिच्या सळ्या वरच्या अंगाला लागतात. बाईने ओतण्याआधी सळी न् सळी तपासली होती. पण काँक्रीट पडत असताना ती खाली मिक्सरमध्ये पडणाऱ्या पाण्याचं माप बघायला गेली, तासभर तिथेच अडकली, आणि तेवढ्या वेळात घमेली घेऊन नाचणाऱ्या मजुरांच्या पायांखाली सळ्या तुडवल्या जाऊन खाली बसल्या. वर आली तेव्हा सगळं गुळगुळीत झालेलं. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. तिला दिसले ते कडेच्या फळ्यांवर मजुरांच्या सिमेंटच्या पावलांचे ठसे, जिथे असायला नको तिथे. तिने खिळ्याने कड उकरून बघितली. सळी चार सेंटिमीटर खाली गेली होती.

कंत्राटदार म्हणाला, "बाई, वर गिलावा झाला की देवाला पण कळायचं नाही." बाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वही घेतली आणि लिहिलं : 'गॅलरीचे काँक्रीट ओतताना मी जागेवर नव्हते. सळ्या खाली दबल्या आहेत. चूक माझी. गॅलरी तोडून पुन्हा करावी.'

दुसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंता आले. मोठे साहेब म्हणजे बोलायला कंजूष माणूस. त्यांनी पान वाचलं, कड बघितली आणि विचारलं, "चार सेंटिमीटर खाली गेली तर गॅलरीची ताकद किती कमी होते?"

बाईने सरळ सांगितलं. "तो हिशेब मला येत नाही, साहेब. पण तोडायला हवी एवढं कळतं."

"तोडायला हवी हे कळणारी माणसं कमी असतात. का तोडायची, तेही शिकून घ्या." आणि तिच्या अक्षराखाली त्यांनी लिहिलं : 'गॅलरी तोडावी. चूक कनिष्ठ अभियंत्यांनी स्वतः निदर्शनास आणली, याची नोंद घ्यावी. त्यांना पदवीच्या संध्याकाळच्या वर्गास बसण्यास परवानगी देण्यात येत आहे. कामात खंड पडू नये. हिशेब येईपर्यंत सोडू नये.' खाली सही, तारीख, शिक्का.

कारकुनांनी पान वाचलं आणि आधी त्यांचा चेहरा फुलला, मग पडला.

"बाई, परवानगी बावनकशी आहे. पण वर काय लिहून ठेवलंय हे? स्वतःच्या हाताने? समितीसमोर पदोन्नतीला जाताय की कबुलीजबाबाला? असं करू, वरच्या अर्ध्यावर कोरा कागद ठेवून झेरॉक्स काढू. खालचं तेवढं लावू. खोटं काहीच नाही त्यात."

खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बाईने वही पिशवीत घातली आणि उद्या सांगते म्हणाली. बावीस वर्षांत तिने कोणाला उद्या सांगते म्हटलं नव्हतं.

नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि मशीनच्या बाजूच्या फळीवर बाईची सहा वर्षांची पुस्तकं. ती वर्गातून येईपर्यंत तो शिवत बसायचा आणि आली की म्हणायचा, "आल्या आमच्या विद्यार्थिनी." आज तिचा चेहरा बघून त्याने मशीन थांबवलं. तिने पान त्याच्यापुढे ठेवलं, कारकुनांची युक्ती सांगितली.

"तुम्ही काय केलं असतं?"

त्याने पान दोनदा वाचलं. वाचताना सुई ओठांत धरली होती, ती काढून ठेवली. "मी शिंपी माणूस. कापड दुमडून, डाग आत घालून दाखवलं तर गिऱ्हाईक घेतं. नाही असं नाही. पण घरी जाऊन उलगडतंच की." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू? मला या पानातलं वरचंच जास्त आवडलं. खालचं साहेबाने लिहिलंय. वरचं माझ्या बायकोने."

बाईने तोंड फिरवलं आणि उगाचच चहाचं आधण ठेवलं.

सोमवारी समितीत तिघे होते. मधे अध्यक्ष, मुख्य अभियंता. एका बाजूला प्रशासनाचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला तोच, अर्धा उठून पुन्हा बसणारा. आजही तो अर्धा उठला. अख्खी वही टेबलावर एक्केचाळिसाव्या पानावर उघडलेली होती.

अध्यक्षांनी पान वरून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून. "ही वरची चूक तुमची?"

"हो साहेब."

"परवानगी खालच्या अर्ध्यात आहे. तेवढंच लावलं असतंत तरी चाललं असतं. इथे कोणी वही मागितली नव्हती."

"साहेब, पान एकच आहे. वरचं घडलं म्हणून खालचं लिहिलं गेलं. अर्धं कसं आणू?"

प्रशासनाचे अधिकारी पुढे सरकले. "पण नियमाप्रमाणे परवानगी वैयक्तिक फाईलमध्ये पाहिजे. ऑर्डर बुक म्हणजे बांधकामाची वही. तिच्यातली सही कशी धरायची?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "ऑर्डर बुकातल्या सह्या धरायच्या नसतील, तर या खात्याने बांधलेला प्रत्येक पूल आणि प्रत्येक टाकी आजच बेकायदा ठरवा. त्याच सह्यांवर उभ्या आहेत सगळ्या. सक्षम अधिकारी, पदवीच्या प्रवेशाआधीची तारीख, नंबरी पान. आणखी काय पाहिजे? परवानगी ग्राह्य." मग दाराशी उभ्या असलेल्या कारकुनांना म्हणाले, "याची प्रमाणित प्रत यांच्या सेवापुस्तकात लावा. अख्ख्या पानाची. वरचं झाकायचं नाही."

कारकुनांनी मान खाली घातली. बाई उठली, तेव्हा तो तिसरा पूर्ण उभा राहिला आणि यावेळी पुन्हा बसला नाही. ती दाराबाहेर जाईपर्यंत उभाच होता.

आदेश गुरुवारी निघाला. उपअभियंता, टाकीबाई. कार्यालयात टाळ्या झाल्या, शिपायाने नवी पाटी स्वतःच्या शर्टाला पुसून टेबलावर ठेवली. बाईला अभिमान वाटला, आणि तो तिने लपवला नाही. लाजणं-बिजणं काही केलं नाही. पाटीसमोर उभी राहून तिने ती सरळ आहे का बघितली, थोडी डावीकडे सरकवली, आणि खुशाल सगळ्यांच्या देखत हसली. बावीस वर्षं कमावलेलं हसू होतं ते, कोणाकडून उसनं आणलेलं नव्हतं.

मग तिने कारकुनांकडून मोठ्या साहेबांचा नंबर घेतला. आठ वर्षांत तिने त्यांना कधी फोन केला नव्हता, तशी पद्धतच नव्हती. पलीकडे म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"साहेब, मी टाकीबाई. नवव्या टाकीवरची. एक सांगायचं होतं..."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"अं?"

"सळी चार सेंटिमीटर खाली गेली तर ताकद किती कमी होते? विचारलं होतं मी तुम्हाला."

पदोन्नतीचं वाक्य बाईच्या ओठांवर होतं, ते तिथेच राहिलं. तिच्यासमोर टेबल होतं, नवी पाटी होती, कागद होता. तिला कागद लागला नाही.

"जवळजवळ निम्मी, साहेब."

साहेब हळूच म्हणाले, "बरोबर. आता सोडा."